रुमाल, अबाया आणि प्रजासत्ताकाची शाळा

१९८९ साली पॅरिसच्या उत्तरेकडील क्रेय या गावात डोक्यावरचा रुमाल काढण्यास नकार दिल्यावरून तीन मुस्लिम मुलींना शाळेबाहेर काढण्यात आले. तेव्हा सुरू झालेला वाद फ्रान्समध्ये अद्याप शमलेला नाही. या मुलींच्या आधीच्या पिढीने अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशियातून येऊन मोटार-कारखान्यांत घाम गाळला. त्यांच्या धर्माची चौकशी तेव्हा फारशी कोणी केली नाही. मुले मात्र फ्रेंच बोलत फ्रेंच वर्गात वाढली आणि आपण फ्रेंच व मुसलमान दोन्ही आहोत, असे म्हणू लागली. वस्तुतः हा आपलेपणाचाच दावा होय. फ्रान्सने तो बव्हंशी फुटीरपणा मानला.

फ्रेंच शिक्षकाची बाजूही समजून घेतली पाहिजे. १९०५ चा धर्म आणि राज्य यांच्या फारकतीचा कायदा कॅथलिक चर्चशी दीर्घ झगडा करून मिळविलेला आहे. घरच्या व मोहल्ल्याच्या दडपणापासून मुलीला शाळेतच आसरा मिळतो, हे म्हणणेही खोटे नाही. २०२० मध्ये सॅम्युएल पाती या शिक्षकाची धर्मांधाने हत्या केली. त्यानंतर शिक्षकांच्या मनातील भय काल्पनिक म्हणता येणार नाही.

तथापि तटस्थतेचे बंधन मुळात राज्यावर व शिक्षकावर होते. १९८९ मध्ये तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने धर्मचिन्ह धारण करणे शाळेच्या धर्मनिरपेक्षतेशी स्वभावतःच विसंगत नाही, असेच मत दिले होते. २००४ च्या कायद्याने ते बंधन विद्यार्थ्यांवर आले. त्यात शिखांची पगडीही सापडली. अल्सास-मोझेलमध्ये १९०५ चा कायदा लागू नाही आणि तेथील सरकारी शाळांत धर्मशिक्षण आजही चालते. ही विसंगती एखाद्या चाणाक्ष मुलीने वर्गात विचारली, तर शिक्षकाने काय उत्तर द्यावे?

आपल्याकडे २०२२ मध्ये कर्नाटकात हिजाबचा वाद पेटला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले. पण त्या मुली स्थलांतरितांच्या नव्हेत, म्हणून ती तुलना फार ताणू नये.

२०२३ मध्ये शिक्षणमंत्री गाब्रिएल अताल यांनी अबायावर बंदी घातली. हा पायघोळ झगा धर्मचिन्ह नाही, असे तेथील मुस्लिम परिषदेने सांगितले. तो धर्मचिन्हच आहे, असा सरकारचा आग्रह. धर्म कोठे सुरू होतो हे निधर्मी शासनाने ठरवावे, हा प्रकार विलक्षणच! सत्राच्या पहिल्या दिवशी २९८ मुली अबाया घालून आल्या. त्यांतील ६७ जणींनी तो उतरविण्यास नकार दिला, तेव्हा पालकांच्या नावे पत्र देऊन त्यांना घरी धाडण्यात आले. धर्मनिरपेक्षता हे बंधन नसून स्वातंत्र्य आहे, असे त्या पत्रात लिहिले होते.