हिशेब तपासा, पण पाय अडवू नका

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी आयुष्मान भारत योजनेची झडती घेऊन २०२३ च्या ऑगस्टमध्ये संसदेपुढे जो अहवाल ठेवला, तो वाचताना हसावे की रडावे हे कळेनासे होते. साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थींच्या नावापुढे एकच दूरध्वनी क्रमांक, तोही नऊ या आकड्याची दहा वेळा केलेली उजळणी. आणि दप्तरी मृत म्हणून नोंदलेल्या ३,४४६ रुग्णांच्या उपचारापोटी चुकते झालेले ६ कोटी ९७ लाख रुपये! असे प्रकार ज्या राज्यांत अधिक आढळले, त्यांत मध्य प्रदेशही आहे. दूरध्वनी क्रमांकावरून पात्रता ठरत नाही, असा खुलासा सरकारने केला. तेवढ्याने समाधान होण्यासारखे नाही. सार्वजनिक पैशावर डल्ला मारणाऱ्यांची गय करावी, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही.

प्रश्न आहे तो या झडतीचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो हा. दावे अडले की रुग्णालये हात आखडतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये हरियाणातील खासगी रुग्णालयांनी थकबाकीपायी या योजनेखालील उपचारच थांबविले होते. तालुक्याच्या गावाहून भोपाळला आलेल्या, मळणीयंत्रात हात गेलेल्या वा मधुमेहाने पाय गमावलेल्या माणसाला दप्तरातील या घडामोडींचा पत्ताही नसतो. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती ही अशी.

अपंगांच्या बाबतीत तर मुळातच एक विपरीत गोष्ट आहे. पाय कापण्याचा खर्च आयुष्मान योजनेत बसतो, कारण ती योजना रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे. पण त्यानंतरचे मोजमाप, बसविणे, दुरुस्ती ही कामे बहुधा बाह्यरुग्ण विभागात होतात, आणि बाह्यरुग्ण उपचार योजनेबाहेर! मग त्या माणसाने दुसरे दार ठोठवावयाचे. केंद्राची १९८१ पासूनची साहाय्यक साधनांची योजना हे ते दार. तेथे एकदा साधन मिळाले की त्याच कारणासाठी तीन वर्षे पुन्हा मागता येत नाही. बारा वर्षांखालील मुलांसाठी ही मुदत एक वर्षाची. एकाच माणसाने दोनदा लाभ उपटू नये, हा हेतू रास्तच. परंतु शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांत उरलेल्या अवयवाची सूज उतरते, तो आक्रसतो, आणि नीट बसलेली खोबण सैल होऊन कातडीला जखमा करू लागते. वाढत्या वयाच्या मुलाचे तर बोलावयासच नको. खातेवहीत जो ‘दुसरा लाभ’ दिसतो, तो पुष्कळदा पहिल्याच उपचाराचा उरलेला भाग असतो. हे कारकुनाला ठाऊक नसेल तर त्याचा दोष नाही. नियम करणाऱ्याला ठाऊक नसणे अक्षम्य होय.

वास्तविक या देशाला हे काम नवीन नाही. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली, महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी उभे राहिले. जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी अनवाणी चालणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या माणसासाठी पाय घडविला, त्यालाही अर्धशतक उलटले. भोपाळातच केंद्र सरकारचे अपंग पुनर्वसनाचे प्रादेशिक केंद्र आहे. उणीव आहे ती कारागिरीची नव्हे, तर कारागिरापर्यंत पोचू देण्याची.

आणि कागदाने इजा मोजण्याचा अनुभव भोपाळइतका कोणत्या शहराने घेतला आहे? डिसेंबर १९८४ च्या वायुकांडानंतर १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. भरपाई मंजूर झालेल्या पावणेसहा लाखांच्या आसपास लोकांपैकी बहुतेकांची इजा ‘किरकोळ’ वा ‘तात्पुरती’ ठरली आणि आरंभी त्यांच्या हाती पंचवीस हजार रुपये पडले. फुप्फुसे आयुष्यभर धापा टाकीत राहिली तरी शिक्का बदलला नाही. वाढीव भरपाईसाठी केंद्राने केलेली याचिका मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. त्याच शहरातून चालणाऱ्या ‘आयुष्मान भारत निरामयम’च्या कारभाऱ्यांना शिक्क्याची किंमत वेगळी सांगावी लागू नये.

आमचे म्हणणे असे की, संशयित रुग्णालयाचे पैसे सरकारने खुशाल रोखावेत, पण तेथे उपचार चालू असलेल्या रुग्णाची सोय दुसरीकडे लावल्यावाचून त्याचे दार बंद करू नये. कापलेला पाय पुन्हा उगवत नाही. तेव्हा त्याचा दाखला दरसाल मागण्यात अर्थ नाही. दावा नाकारला तर कारण साध्या हिंदीत लिहून रुग्णाच्या हाती द्यावे. पहिल्या वर्षातील खोबणीची अदलाबदल, दुरुस्ती आणि मुलांचे वाढते माप यांना मूळ शस्त्रक्रियेच्याच खर्चात धरावे. भोपाळच्या सचिवालयाने एवढे केले, तर लेखापरीक्षकांचे एकही पान कोरे राहणार नाही आणि कुबडीवर टेकून रांगेत उभ्या असलेल्या माणसाला आज परत जावे लागणार नाही.