पान एक, धोरणे दोन

तंबाखूविषयी केंद्र सरकारचे धोरण काय, या प्रश्नाचे उत्तर तो दिल्लीत कोणत्या मंत्रालयात विचारला यावर अवलंबून असते. 1975 च्या कायद्याने अस्तित्वात आलेले, गुंटूरला मुख्यालय असलेले तंबाखू मंडळ वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. उद्योगाचा विकास आणि निर्यात हे त्याचे विहित कर्तव्य आहे. आरोग्य मंत्रालय 2003 चा तंबाखू नियंत्रण कायदा राबवते, आणि भारताने 2004 मध्ये मान्य केलेला जागतिक आरोग्य संघटनेचा करारही त्याच्याच शिरावर आहे. दोन्ही खाती आपापल्या जागी कायद्याला धरूनच वागतात. कोंडी होते ती शेतकऱ्याची.

सिगारेट आणि पाइप या दोहोंसाठी लागणारे व्हर्जिनिया पान मुख्यत्वे आंध्र प्रदेश व कर्नाटकात पिकते. पक्व होतील तशी पाने खालून वर खुडली जातात. मग बंद भट्टीत, धुराचा स्पर्श होऊ न देता, सुमारे आठवडाभर टप्प्याटप्प्याने उष्णता वाढवत ती वाळवली जातात. पानाचा सोनेरी रंग आणि त्यातील गोडवा टिकतो तो या प्रक्रियेमुळे. जळण, मजुरी आणि कर्ज यांचा भार शेतकऱ्यावर असतो. तरीही तो या पिकाला धरून राहतो, कारण मंडळ हंगामाचे उत्पादन ठरवून देते, उत्पादकांची व भट्ट्यांची नोंदणी करते आणि 1984 पासून सुरू झालेल्या लिलाव केंद्रांवर माल उघडपणे विकला जातो.

ही चौकट नसेल तेथे काय घडते, याचे उदाहरण बर्ली तंबाखूचे आहे. सावलीत, हवेवर वाळणारे हे पान सुगंधी द्रव्ये शोषून घेते; म्हणून पाइपच्या मिश्रणात त्याला स्थान आहे, पण मंडळाच्या लिलावात नाही. 2025 मध्ये त्याचे भाव कोसळले आणि आंध्र सरकारला मार्कफेडमार्फत खरेदीत उतरावे लागले. विडी तंबाखूच्या भावासाठी 1981 मध्ये निपाणीत शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली झालेले आंदोलन आणि त्यातील गोळीबार मराठी वाचकांना नव्याने सांगायला नको. तेथेही प्रश्न बाजारपेठेचाच होता.

आंतरराष्ट्रीय कराराचे सतरावे कलम उत्पादकांना किफायतशीर पर्याय देण्यास सांगते. आजवर पर्याय म्हणजे दुसरे बियाणे, असाच अर्थ लावला गेला. वस्तुतः शेतकरी तंबाखूला नव्हे, तर खात्रीच्या ग्राहकाला बांधलेला आहे. डाळी वा तेलबियांना नोंदणी, प्रतवारी, खुला लिलाव आणि वेळेवर पैसे मिळाले, तर तो स्वतःहून भट्टी विझवील. त्यासाठी वाणिज्य, कृषी आणि आरोग्य या तिन्ही खात्यांनी एका टेबलाभोवती बसणे आवश्यक आहे. व्यसनमुक्तीचा खर्च केवळ पिकवणाऱ्याकडून वसूल करणे हे धोरण नव्हे. ती जबाबदारीची टोलवाटोलवी आहे.