चार आण्याची कोंबडी आणि ऑफिसची फायरवॉल

इकडे अमेरिकेत स्वतःचं छोटं ऑफिस थाटलेली आपली बरीच मंडळी आहेत. कोणी टॅक्सची कामं करतो, कोणाचा दातांचा दवाखाना आहे, कोणाची पाच-सात जणांची सॉफ्टवेअर कंपनी. त्यांच्याकडून मला एक प्रश्न हमखास येतो: "स्वस्तातली बरी फायरवॉल कुठली घेऊ?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर देण्याआधी 'स्वस्त' म्हणजे काय ते ठरवावं लागतं. माझ्या मते बहुतेकांचा हिशोब तिथेच चुकतो.

फायरवॉल ही काय भानगड हे ज्यांना माहीत नाही त्यांनी सोसायटीचा वॉचमन डोळ्यांसमोर आणावा. इंटरनेट कंपनी जो डबा फुकट बसवून जाते, तो बाहेरून आलेल्या अनोळखी माणसाला गेटवर अडवतो. पण आतून कोण काय घेऊन बाहेर चाललंय, याची तो सहसा चौकशी करत नाही. रजिस्टरही नीट ठेवत नाही. खरी फायरवॉल ही दोन्ही कामं करते, आणि शिवाय आतल्या आत भिंती घालते. म्हणजे पाहुण्यांचं वायफाय वेगळं, कार्डाचं मशीन वेगळं, हिशोबाचे कॉम्प्युटर वेगळे.

"पण आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?" हा पुढचा प्रश्न. २०१३ साली टार्गेट या मोठ्या दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर आत शिरले ते टार्गेटसाठी काम करणाऱ्या, पेनसिल्व्हेनियातल्या एका रेफ्रिजरेशन कंत्राटदाराचा पासवर्ड वापरून! नुसत्या फायरवॉलने कंत्राटदाराकडची ती पासवर्डचोरी थांबली असती असं मी म्हणत नाही. मुद्दा एवढाच की लहान ऑफिसात स्वतःचं फारसं काही नसलं, तरी दुसऱ्याच्या किल्ल्या असतात. टॅक्सवाल्याकडे तर शेकडो कुटुंबांचे सोशल सिक्युरिटी नंबर असतात. म्हणूनच त्याने सुरक्षेचा लेखी आराखडा ठेवावा असा इथे कायदा आहे, आणि आयआरएस टॅक्सवाल्यांना ज्या सहा प्राथमिक गोष्टी सांगते त्यात फायरवॉल आहे.

आता पर्याय पाहू.

पहिला, नामांकित कंपनीचा तयार डबा. डबा परवडतो, पण व्हायरस तपासणी, वेबसाइट गाळणी वगैरेची वर्गणी वेगळी. ती गणपतीच्या वर्गणीसारखी दरवर्षी दारात उभी! काही वर्षांत ती डब्याच्या किमतीला गाठते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. वेगाचे आकडेही नीट वाचावेत. फोर्टिनेटच्या ४०एफ या लहान डब्याच्या माहितीपत्रकात फायरवॉलचा वेग ५ गिगाबिट आहे. सगळ्या तपासण्या चालू केल्यावरचा आकडा त्याच पत्रकात ६०० मेगाबिट आहे. लपवलेलं काही नाही, पण विकणारा पहिलाच आकडा सांगतो. शिवाय आज बहुतेक वेब वाहतूक एचटीटीपीएसची, म्हणजे बंद पाकिटातली असते. पाकीट उघडायची वेगळी व्यवस्था केली नाही तर या डब्याला बाहेरचा पत्ता तेवढा वाचता येतो. मग तपासणीसाठी भरलेल्या पैशांतला बराचसा भाग वायाच.

दुसरा, अडगळीतला जुना पीसी. आपल्या मराठी मनाला हा फार आवडतो! पण तो चोवीस तास चालणार. ७० वॅट धरले तर वर्षाला ६१३ युनिट. १६ सेंटचा दर धरला तर ९८ डॉलर. दहा वॅटचा छोटा डबा ८८ युनिटमध्ये, म्हणजे १४ डॉलरमध्ये भागवतो. फुकटचा पीसी तीन वर्षांत अडीचशे डॉलर जास्तीची वीज खातो.

तिसरा, आणि माझ्या पसंतीचा: पंखा नसलेला, चार पोर्टांचा छोटा कॉम्प्युटर आणि त्यावर ओपीएनसेन्स किंवा पीएफसेन्स. त्यासाठी वर्गणी नाही. दोन-तीनशे डॉलरांत काम होतं. नेटवर्क पोर्ट शक्यतो इंटेलचे पाहावेत, कारण ही दोन्ही सॉफ्टवेअरं फ्रीबीएसडीवर चालतात आणि तिथे इंटेलचं जमतं. आणि एकाऐवजी दोन डबे घ्या. दुसरा कपाटात राहू द्या. पहिला मेला तर जपून ठेवलेली सेटिंगची फाइल त्यात भरायची, की अर्ध्या तासात ऑफिस चालू.

पण ही निवड मी किमतीवरून करत नाही. २००३ मध्ये मॅन्युएल कॅस्पर या स्विस गृहस्थाने एमझीरोएनझीरोवॉल नावाची छोटी फुकट फायरवॉल लिहायला घेतली. २०१५ मध्ये त्याने ती बंद केली. तिच्यातूनच २००४ मध्ये पीएफसेन्स निघालं होतं, आणि पीएफसेन्समधून २०१५ मध्ये ओपीएनसेन्स. म्हणजे मूळ प्रकल्प संपला तरी पुढची मंडळी तयार होती, आणि पुरेशी ताकद असलेला तोच डबा नव्या सॉफ्टवेअरवर चालू ठेवता येत होता. बंदिस्त डब्याचं तसं नाही. कंपनीने अपडेट थांबवले की दिवे लुकलुकतात, नेट चालतं, आणि आतली भोकं तशीच राहतात.

अशा डब्यांचं काय होतं ते २०२४ च्या जानेवारीत जाहीर झालं. अमेरिकेच्या न्याय खात्याने सांगितलं की चीन सरकारच्या पाठबळावरच्या हॅकरांनी इथल्या लहान ऑफिसांतले आणि घरांतले शेकडो राउटर आपल्या कामाला जुंपले होते. वीज-पाण्यासारख्या यंत्रणांवर डोळा ठेवून, स्वतःचा माग लपवण्यासाठी! त्यातले बहुतेक राउटर सिस्को आणि नेटगिअरचे, अपडेट बंद झालेले. शेवटी न्यायालयाची परवानगी घेऊन एफबीआयला लोकांच्या राउटरमधून ती घाण बाहेरून पुसावी लागली. मालकांना पत्ताही नव्हता. जुना डबा आणखी दोन वर्षं चालवून वाचवलेल्या पैशांची किंमत अशी दुसरंच कोणी मोजतं.

आता यावर रास्त आक्षेप असा की, फुकटचं सॉफ्टवेअर बिघडलं तर फोन कोणाला करायचा? खरं आहे. ज्या ऑफिसात किंवा ओळखीत याची जाण असलेला कोणीच नाही, त्याने मुकाट्याने पहिला पर्याय घ्यावा आणि वर्गणी वेळेवर भरावी. पण वर्गणी भरली म्हणजे काळजी मिटली असं समजू नये. महागातल्या डब्यांनाही भोकं सापडतात. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सिस्कोच्या फायरवॉलसाठी सरकारी खात्यांना तातडीचा आदेश निघाला होता. अपडेट बसवायला आणि रजिस्टर चाळायला माणूस लागतोच. महिन्याला दोन तास एखाद्या जाणकाराला पैसे देऊन बोलवा. माझ्या हिशोबात फायरवॉलची खरी किंमत ती.

तिकडे पुण्या-सांगलीतल्या सीएच्या ऑफिसात चित्र फार वेगळं नसावं. आपल्याकडेही सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना १८० दिवसांच्या नोंदी ठेवाव्या लागतात. केबलवाल्याने दिलेला डबा ते रजिस्टर ठेवणार नाही. तेव्हा खरेदीला जाल तेव्हा दुकानदाराला वेगाआधी एवढंच विचारा: याला अपडेट कुठल्या सालापर्यंत मिळणार? त्याला साल सांगता आलं नाही तर दुसरं दुकान गाठा.