वजाबाकीचा सूर

विजेच्या गिटारचा टोचरा आवाज मऊ करायला वेगळी वीज लागत नाही, असे सांगितले तर वाचकांना पटेल का? पोलादी तारा थरथरल्या की खालच्या चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात किंचित वीज उपजते. तिथून कपॅसिटरमार्गे अर्थला वाट करून दिली की उंच सूर तिकडे निसटतात. कपॅसिटर जितका मोठा, तितका आवाज मऊ. १९५९ साली गिब्सन कंपनीने ईएस-३४५ या गिटारला सहा घरांचे फिरते बटण दिले. त्यात कपॅसिटरच्या जोडीला वेटोळेही असल्याने मधलेच सूर कापले जात.

घाटकोपरच्या आमच्या घरी, बोनस यायच्या आधीच, चिरंजीवांनी नव्या गिटारचा हट्ट धरला. मी त्यांना लॅमिंग्टन रोडला नेले. सहा घरांचे बटण आणि पाच लहानमोठे कपॅसिटर किरकोळ पैशांत आले. डाख त्यांनीच लावला. पहिले घर मोकळे ठेवले. आता एकाच गिटारमधून सहा तऱ्हा निघतात आणि हट्ट तूर्त मिटला आहे.

एक मात्र ध्यानात ठेवावे. अशा बटणाने सूर कापता येतात, वाढवता येत नाहीत. आम्हां पगारदारांना यात नवीन ते काय? मिळकत ठरलेली; काय कापायचे, एवढेच हाती!