उमेदवार ठरवितो कोण?

मत देण्याचा अधिकार मतदाराचा, हे सर्वमान्य आहे. परंतु मतदानयंत्रावरील कळीशेजारी कोणाचे नाव असावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत सोलापूर जिल्ह्याच्या अकरा मतदारसंघांत जे घडले, ते पाहता हा प्रश्न टाळता येण्याजोगा राहिलेला नाही.

त्या निवडणुकीत अर्ज भरण्याचा अखेरचा दिवस होता २९ ऑक्टोबर. पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण, हे सांगणारे ‘ए’ आणि ‘बी’ नमुने त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हाती पडावे लागतात. १९६८ च्या निवडणूक चिन्ह आदेशातील ही तरतूद केवळ कार्यालयीन सोयीची. पण आपल्या राजकारणात लोकप्रतिनिधीचे भवितव्य ठरविणारा क्षण तोच होऊन बसला आहे. वर्षानुवर्षे मतदारसंघात राबलेला कार्यकर्ता त्या घटकेपर्यंत तिष्ठत राहतो आणि काल पक्षात आलेला मनुष्य तो कागद घेऊन पुढे जातो.

परिणाम काय झाला? एकाच महाविकास आघाडीत असल्याचे सांगणारे पक्ष जिल्ह्यात चार ठिकाणी परस्परांसमोर उभे ठाकले. सांगोल्यात शेतकरी कामगार पक्षाचे बाबासाहेब देशमुख आणि शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटाचे दीपक साळुंखे. पंढरपुरात काँग्रेसचे भगीरथ भालके आणि राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे अनिल सावंत. सोलापूर शहर मध्यमध्ये काँग्रेसचे चेतन नरोटे आणि मार्क्सवादी पक्षाचे नरसय्या आडम. दक्षिण सोलापुरात आघाडीचे अधिकृत उमेदवार अमर पाटील असताना सुशीलकुमार शिंदे यांनी ऐन मतदानाच्या दिवशी अपक्ष धर्मराज काडादी यांना पाठिंबा दिला. महायुतीचे घरही निर्वेध नव्हते. करमाळ्यात शिवसेनेचे दिग्विजय बागल अधिकृत उमेदवार असताना तत्कालीन आमदार संजय शिंदे अपक्ष म्हणून रिंगणात होते. यांपैकी कोणाचा दावा रास्त, हा वाद बाजूला ठेवला तरी आघाडी म्हणजे नेमके कोण, याचे सरळ उत्तर मतदाराला मिळाले नाही, एवढे निश्चित.

याच जिल्ह्याने याच्या अगदी उलट उदाहरणही पाहिले आहे. गणपतराव देशमुख १९६२ मध्ये सांगोल्यातून प्रथम निवडून आले. १९७२ आणि १९९५ मध्ये ते पराभूत झाले, तरी त्यांनी ना पक्ष सोडला ना मतदारसंघ. अकरा वेळा ते विधानसभेत गेले. त्यांची मते सर्वांनाच पटत होती असे नाही. परंतु हा मनुष्य कोण आणि कोणत्या विचाराचा, हे जाणण्यासाठी सांगोल्याच्या मतदाराला दुपारच्या तीनची वाट पाहावी लागली नाही.

अशी निष्ठा कायद्याने निर्माण करता येत नाही, हे खरे. तथापि कायद्याचे मौन मात्र मोडता येते. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने निवडून आलेल्याचे पक्षांतर बांधले. निवडणुकीच्या तोंडावर चिन्ह बदलणाऱ्याला तो शिवतही नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९ अ कलमान्वये पक्षांची नोंदणी होते. पक्षाने राज्यघटनेशी आणि लोकशाहीशी निष्ठा बाळगावी, असे ते कलम सांगते. पण त्या पक्षाने स्वतःचे उमेदवार लोकशाही पद्धतीने निवडावेत, अशी अट त्यात नाही. फौजदारी खटले प्रलंबित असलेल्या उमेदवाराची निवड का केली, याची कारणे प्रसिद्ध करण्याचे बंधन सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पक्षांवर घातले. उरलेल्या उमेदवारांबाबत मात्र पक्ष कोणालाही उत्तरदायी नाहीत.

पक्षांतर्गत मतदान घेतले तर तेथेही पैसा चालेल, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. पण बंद खोलीत पैसा चालत नाही, अशी ग्वाही कोण देणार? जर्मनीच्या निवडणूक कायद्यानुसार उमेदवार पक्षसदस्यांच्या किंवा त्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या गुप्त मतदानानेच ठरवावा लागतो. तेवढी मजल आज मारता येत नसेल, तर निदान तीन गोष्टी अशक्य नाहीत: उमेदवारी मागणाऱ्याने काही काळ तरी पक्षाचा सदस्य असावे, उमेदवारांची यादी अर्ज भरण्याची मुदत सुरू होण्यापूर्वी जाहीर व्हावी, आणि प्रत्येक निवडीची कारणे पक्षाने लेखी द्यावीत.

मतदान केंद्रावर रात्र काढून यंत्रे सांभाळणारे शिक्षक आणि कारकून या व्यवस्थेचा कणा आहेत. एका अक्षराची चूक होऊ नये म्हणून ते नमुन्यामागून नमुने भरतात. त्यांच्याकडून इतक्या काटेकोरपणाची अपेक्षा करणाऱ्या देशाला, यंत्रावर नाव कसे आले याचा हिशेब पक्षांकडे मागण्याचा संकोच का वाटावा? उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण व खटले सांगणारे प्रतिज्ञापत्र आज मतदाराला वाचता येते. त्यासाठी न्यायालयात लढा द्यावा लागला होता. पुढचा लढा उमेदवारीच्या उगमाचा आहे. ताट दुसऱ्याने वाढायचे आणि त्यातले काय खायचे एवढेच आपण ठरवायचे, याला कोणी स्वयंपाकघरावरची मालकी म्हणत नाही.