चाकांवरचं बिऱ्हाड

मैत्रिणींनो, मुलगी, बहीण किंवा दीर अमेरिकेत आहेत अशी घरं आता आपल्या आळीआळीत सापडतात. तिकडे जाणं झालं, की फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड पाहायचा बेत निघतोच. आणि बेत निघाला की पहिला प्रश्न, उतरायचं कुठे? म्हातारी माणसं, त्यांचं पथ्यपाणी, लहान मुलं असा लवाजमा घेऊन हॉटेलात राहणं म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून आज हॉटेलऐवजी एक निराळीच सोय सांगते. २०२४च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आठ जणांनी चार रात्री ती अनुभवली. काहीजणींना ती फार सोयीची वाटेल. काहीजणींनी मात्र तिच्या वाटेलाही जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

डिस्ने वर्ल्डच्याच हद्दीत ‘फोर्ट वाइल्डरनेस’ नावाचं एक कॅम्पग्राउंड आहे. १९ नोव्हेंबर १९७१ला, म्हणजे मूळ पार्क सुरू झाल्यावर दीडेक महिन्यातच ते उघडलं. सुमारे साडेसातशे एकरांचं झाडाझाडोऱ्याचं रान, त्यात वळणावळणाचे छोटे रस्ते आणि त्यांच्या कडेने आखलेल्या आठशेच्या आसपास जागा. प्रत्येक जागेवर वीज, नळ, लाकडी टेबल-बाकं आणि कोळशाची शेगडी. एका जागेवर दहा माणसांपर्यंत राहता येतं. तंबू ठोका, नाहीतर कॅम्पर आणा.

कॅम्पर म्हणजे चाकांवरचं घरच. पलंग, ओटा, फ्रिज, संडास-बाथरूम, सगळं एका लांबट डब्यात बसवलेलं. तिकडची हौशी माणसं स्वतःचा कॅम्पर मोटारीच्या मागे जोडून आणतात. आपल्याला ते कुठलं जमणार? पण त्या भागात कॅम्पर भाड्याने देणाऱ्या कंपन्या आहेत. २०२४ साली आम्ही गेलो तेव्हा त्यांची माणसं तो आपल्या जागेवर आणून उभा करत, समपातळीत बसवत, वीज-पाणी-ड्रेनेज जोडून देत आणि मुक्काम संपला की ओढून घेऊन जात. लग्नघरी मांडववाला येऊन मांडव घालून जातो ना, तसंच. आमचे धाकटे दीर अटलांटात असतात. तिथून ऑर्लँडो जवळजवळ सातशे किलोमीटर. एवढी वाट तो अवजड डबा ओढत नेण्याची छाती ना भाऊजींची होती, ना ह्यांची. आम्ही आपले मोटारीने गेलो, तर घर मांडून तयार!

आता पैशाचं बघू. पहिली गोष्ट, जागा डिस्नेची आणि कॅम्पर बाहेरच्या कंपनीचा. आरक्षणं दोन, बिलं दोन, आणि एक रद्द केलं म्हणून दुसरं आपोआप रद्द होत नाही. जागा घेताना नीट पाहा हं. तंबूंसाठीच्या जागा स्वस्त दिसतात, पण त्यांना सांडपाण्याची जोडणी नसते. कॅम्परसाठी वीज, पाणी आणि ड्रेनेज तिन्ही असलेली जागाच हवी. मग कॅम्परचं रोजचं भाडं, आणून सोडण्याचा आकार, साफसफाई, चादरी-उशा-भांड्यांचे वेगळे पैसे, कर आणि परत मिळणारी अनामत, हे सगळं एका कागदावर उतरवून काढा. आणण्या-नेण्याचा आकार एक रात्र राहा की सहा रात्री राहा, तेवढाच पडतो. म्हणून दोन रात्रींसाठी हा खटाटोप करू नये. चार रात्रींच्या पुढे आणि सहा माणसांच्या वर असाल, तरच हॉटेलच्या दोन खोल्यांशी हिशेब जुळतो. आमचा राहण्याचा खर्च हॉटेलपेक्षा थोडासाच कमी झाला. खरी बचत झाली ती खाण्यात.

आणि पैशापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे मामंजींचं जेवण. त्यांना मधुमेह आहे, गोळीच्या वेळेला पोटात काहीतरी जायलाच हवं. पार्कात रांगेत उभं राहून, तिखट-गोड न्याहाळून त्यांना चालेल असं शोधायचं म्हणजे माझ्या आणि जाऊबाईंच्या जिवाला घोर. कॅम्परमध्ये सकाळी मऊ भात, मुगाचं वरण, भाजी करता आली. शिवाय डिस्नेच्या पार्कात आपला खाण्याचा डबा आत नेऊ देतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. काचेची बरणी नको, दारू नको आणि तिथे गरम करावं लागेल असं काही नको, एवढंच. आमची थालीपिठं आणि दशम्या रोज दिमाखात आत जात होत्या. कॅम्पग्राउंडच्या धक्क्यावरून मॅजिक किंगडमला थेट बोट जाते. त्यामुळे दुपारी सासूबाई-मामंजींना परत आणून तासभर आडवं करायचं आणि संध्याकाळी पुन्हा न्यायचं, हे जमलं. हॉटेल लांब असतं तर त्यांचा दिवस दुपारी दोनलाच संपला असता.

आता त्या डब्यातल्या आतल्या गोष्टी. जाहिरातीत ‘आठ जण झोपतात’ असं लिहिलेलं असतं. ते आठ जण कसे झोपतात, हे फोन करून विचारा. खरा पलंग एकच असतो. जेवणाचं टेबल खाली पाडून त्याचा एक बिछाना होतो, सोफा उघडून दुसरा, आणि मुलांसाठी एकावर एक बर्थ. म्हणजे सगळे उठल्याशिवाय टेबल नाही आणि टेबलाशिवाय चहा नाही! सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून पायऱ्या किती, हात धरायला दांडी आहे का, संडासाचं दार केवढं, हे जाऊबाईंनी आधीच खोदून खोदून विचारलं होतं. कंपनीची बाई कंटाळली असेल, पण विचारलं म्हणून पलंगाला तिन्ही बाजूंनी जागा असलेला कॅम्पर मिळाला. नवराबायकोच्या निवांतपणाची अपेक्षा मात्र घरीच ठेवून निघावं. मधलं दार पुठ्ठ्याएवढं पातळ असतं.

पाण्याचा गीझर छोटा, बहुतेक सहा गॅलनचा, म्हणजे साधारण तेवीस लिटर. आपली एक बादली आणि वर थोडं. एकाची आंघोळ झाली की पुढच्याने थांबायचं. त्यावर उपाय जवळच आहे. कॅम्पग्राउंडमध्ये ठिकठिकाणी सार्वजनिक न्हाणीघरं आहेत, स्वच्छ, भरपूर गरम पाण्याची, आणि तिथेच कपडे धुण्याची यंत्रंही. पुरुषमंडळींना सरळ तिकडे पाठवा.

संडासाचं थोडं बोलते, नाकं मुरडू नका. कॅम्परला खाली दोन टाक्या असतात, एक न्हाणी-मोरीच्या पाण्याची आणि एक मैल्याची. ड्रेनेज जोडलेलं आहे म्हणून मैल्याच्या टाकीची झडप उघडी ठेवली, तर पाणी वाहून जातं, घट्ट मळ मागे राहतो आणि मग जो वास सुटतो तो विचारू नका. झडप बंद ठेवायची, टाकी बरीचशी भरली की उघडायची आणि तिच्यामागून मोरीच्या पाण्याची टाकी सोडायची, म्हणजे नळी धुऊन निघते. कागद घातलाच तर त्यासाठी मिळणारा, लगेच विरघळणारा. आपली पाणी वापरायची सवय इथे उलट उपयोगीच पडते, कारण टाकीला पाणी जितकं जास्त तितकं बरं. हे काम भाऊजींनी केलं. ते घरातल्या बाईने करू नये असा माझा आग्रह आहे, आणि का ते पुढे सांगतेच.

विजेचंही गणित आहे. पुष्कळ कॅम्पर तीस अँपिअरचे असतात आणि तिकडे दाब १२० व्होल्टचा, म्हणजे एकूण छत्तीसशे वॉट. वातानुकूलन यंत्र, मायक्रोवेव्ह, विजेची किटली, केस वाळवायचं यंत्र, यांतलं प्रत्येक दीड हजार वॉटच्या आसपास खातं. दोन चालतील, तिसरं लावलं की सगळा अंधार. इकडचा मिक्सर नेऊ नका, त्या दाबावर तो नीट चालायचाच नाही.

आणि फोडणी! कॅम्परमध्ये धुराची आणि गॅसची सूचना देणारी यंत्रं हाताच्या अंतरावर असतात. मोहरी तडतडून मिरची पडली, की ती भोंगा वाजवतात आणि शेजारचे चार कॅम्पर उठून बसतात. यंत्र काढून ठेवायचा मोह कुणालाही होईल, पण गॅसची टाकी आणि एवढासा डबा, तसं मुळीच करू नये. छोटं विजेचं शेगडीपात्र बाहेरच्या टेबलावर ठेवा आणि फोडण्या तिथे करा. त्याने वासही आत कोंडत नाही. काही कंपन्या वासासाठी जादा साफसफाई लावतात. बाहेर सांडलेलं मात्र लगेच उचला. रॅकून नावाचा मांजराएवढा चोर रात्री येतो, त्याला डब्याचं झाकण उघडता येतं.

आता ते पुढे सांगते म्हटलं होतं ते. हॉटेलात बाईला निदान ओटा नसतो. कॅम्परमध्ये घर बरोबर येतं, म्हणजे केर, भांडी, अंथरुणं, डबे, सगळं बरोबर येतं. आणि मोरी हातभर, त्यामुळे भांडी दर वेळी घासावीच लागतात. मंडळी पार्कातून थकून येतात, पाय वर करून बसतात, आणि आठ माणसांचा स्वयंपाक कुणी करायचा ते न बोलताच ठरलेलं असतं. म्हणून निघायच्या आधी जाऊबाईंनी आणि मी एक संध्याकाळ सगळ्यांना बसवून वाटणी केली. सकाळचा स्वयंपाक आम्ही दोघींनी करायचा. रात्री खिचडी, नाहीतर ह्यांनी कोळशाच्या शेगडीवर कणसं, बटाटे, पनीर भाजायचं. भांडी पुरुषांची, टाक्या भाऊजींच्या, अंथरुणं मुलांची. सासूबाईंना पहिल्या दिवशी ह्यांच्या हातात घासणी पाहवेना. “अगं, मी करते” म्हणून उठल्या. ह्यांनीच त्यांना परत खुर्चीत बसवलं. ही वाटणी तुमच्या घरात होण्यासारखी नसेल, तर भगिनींनो, कॅम्परचा विचारच करू नका. हॉटेलात राहा, दोन पैसे जास्त गेले तरी जाऊ देत.

आमची नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरला आली, म्हणजे नेमकी त्यांच्या हॅलोवीनच्या दिवशी. या दिवसांत हे कॅम्पग्राउंड पाहण्यासारखं असतं. लोक आपापल्या कॅम्परना दिव्यांच्या माळा लावतात, भोपळे, सांगाडे, भुतं मांडतात, भाड्याने मिळणाऱ्या छोट्या बॅटरीच्या गाड्यासुद्धा सजवतात. गर्दी मोठी, म्हणून जागा बरीच आधी घ्यावी लागते. आम्ही पहाटे उटणी घेऊन न्हाणीघरांत जाऊन अभ्यंगस्नानं उरकली. आकाशकंदील कॅम्परच्या छत्रीला टांगला. पणत्या बॅटरीच्या, कारण गॅसशेजारी उघडी ज्योत नको. संध्याकाळी भुतांच्या वेषातली पोरं गोळ्या मागायला आली, त्यांना जाऊबाईंनी गोळ्यांबरोबर शंकरपाळेही दिले. एक लहानगी चेटकीण पुन्हा मागायला आली.

जाण्याचा काळ मात्र विचार करून निवडा. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी विजांचा पाऊस ठरलेलाच, आणि जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम. ९ ऑक्टोबर २०२४ला मिल्टन वादळ आलं तेव्हा हे कॅम्पग्राउंड बंद करावं लागलं होतं, आमच्या मुक्कामाच्या तीनच आठवडे आधी. कॅम्पर ही वादळात थांबायची जागा नव्हे. असं झालं तर कंपनी पैसे परत देते की दुसरी तारीख देते, हे लेखी घ्या. साधा वारा सुटला तरी बाहेरची छत्री गुंडाळून ठेवा, ती फाटली की भुर्दंड आपल्याला. तळ्याकाठी मुलांना एकटं सोडू नका, तिकडच्या पाण्यात सुसरीच्या जातीचे प्राणी असतात. आणि आवारात मोटार हिंडवता येत नाही, फक्त जागेपर्यंत आणायची-न्यायची. मग बस, नाहीतर ती बॅटरीची गाडी. सासूबाईंसाठी आम्ही ती घेतली आणि पैसे सत्कारणी लागले.

निघण्याच्या दिवशी अकराला जागा सोडावी लागते, तेव्हा आवरायला आदल्या रात्रीच घ्या. ताबा घेताना आणि देताना प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढा. गादीवरचा डाग, ओट्याची ओरखड, फ्रिजच्या दाराची खाच, काही सोडू नका. आमच्या कंपनीने सोफ्याच्या फाटलेल्या कडेसाठी अनामतीतून पैसे कापले होते. जाऊबाईंनी पहिल्या दिवशीचा फोटो पाठवला, त्यात ती कड तशीच फाटलेली होती. नवव्या दिवशी सगळी रक्कम परत आली.