सुपाला जागा हवी, मागालाही

स्वस्त घरांची योजना येणार अशी नुसती कुणकुण लागली, की बेळगाव-निपाणी पट्ट्यात तीन वाक्यं हमखास कानावर येतात. “इथं झोपडपट्टी होणार.” “आमची पिकती जमीन जाणार.” “बाहेरची माणसं आणून बसवणार.” तिन्ही एका दमात बोलली जातात, म्हणून सारख्याच वजनाची वाटतात. प्रत्यक्षात त्यांतलं एक साफ चूक आहे, एक बरोबर आहे आणि एकामागची भीती खरी असली तरी त्यावरचा उपाय चुकीचा आहे.

झोपडपट्टीचा आक्षेप सर्वांत जोरात मांडला जातो आणि तोच सर्वांत कच्चा आहे. निपाणीतल्या विडी कामगार बाईची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं ठरते. रात्री पानं भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळायची, सकाळी पत्र्याच्या मापानं कातरायची, मग मांडीवर सूप घेऊन उंबऱ्याशी बसायचं, कारण खोलीत उजेड तेवढाच. ही बाई आजही शहरातच राहते. त्यामुळे तिला येऊ द्यायचं की नाही, हा प्रश्न शिल्लकच नाही. भाड्याच्या एकाच खोलीत तंबाखूची धूळ, चूल आणि तान्हं पोर एकत्र राहू द्यायचं का, एवढाच प्रश्न आहे. वस्ती बकाल होते ती नळ, गटार आणि हक्काचा कागद नसल्यामुळे. तिन्ही वेळेवर दिलं तर वस्ती सावरते.

याचा दाखला सोलापुरात आहे, आणि सोलापूर हे निपाणीसारखंच विड्या वळणाऱ्यांचं गाव. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे माजी आमदार नरसय्या आडम, म्हणजे सगळ्यांचे आडम मास्तर, यांच्या पुढाकारानं अक्कलकोट रस्त्यावरच्या कुंभारीत महिला विडी कामगारांसाठी 10,000 घरं उभी राहिली. वसाहतीला नाव दिलं कॉम्रेड गोदूताई परुळेकरांचं. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते किल्ल्या दिल्या गेल्या. घर 60,000 रुपयांचं. त्यांतले 20,000 केंद्राचे, 20,000 राज्याचे आणि 20,000 त्या बाईचे स्वतःचे. पुढं त्याच कुंभारीत असंघटित कामगारांच्या 30,000 घरांचं ‘रे नगर’ आलं. 9 जानेवारी 2019 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदींनी त्याची पायाभरणी केली आणि 19 जानेवारी 2024 रोजी पहिली 15,000 घरं त्यांनीच कामगारांच्या हवाली केली. यंत्रमागावरचे विणकर, विडी कामगार, कचरावेचक, फेरीवाले अशी ही माणसं. सरकारं बदलली, पण कामगारांनी पाठपुरावा सोडला नाही. ज्यांना ‘झोपडपट्टीवाले’ म्हणून हिणवलं जातं, ती माणसं पै-पै साठवून संस्थेचे सभासद होतात आणि वर्षानुवर्षं हप्ता सांभाळतात, हे इथं दिसलं.

जमिनीचा आक्षेप मात्र खोडायचा नाही, मान्य करायचा. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारातला बासमती ही बेळगावची ओळख आहे. बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसाळ्यात याच शिवारात पसरतं. तिथं भराव टाकून घरं उठवली, तर शेतकऱ्याचं भात जाईल आणि गरिबाच्या नव्या घरात पहिल्याच आषाढात पाणी शिरेल. दोघांचंही नुकसान एकाच नकाशानं होईल. कणबर्गीतली नगरविकास प्राधिकरणाची योजना क्रमांक 61 शेतकऱ्यांच्या विरोधात आणि कोर्टकचेरीत कशी रखडली, हे बेळगावकरांनी पाहिलं आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांची तपासणी आणि जाहीर सुनावणी आहे ती याचसाठी. शेतकऱ्याचा राग गरिबाच्या घरावर नसतो. आपल्याला न विचारता सातबाऱ्यावर, इथल्या भाषेत उताऱ्यावर, शिक्का पडतो, त्यावर असतो. रे नगरसाठी कामगारांच्या संस्थेनं जमीन विकत घेतली होती, हा फरक इथं ध्यानात घ्यावा.

राहिला बाहेरच्यांचा आक्षेप. सीमाभागातल्या मराठी माणसानं 1956 पासून जे सोसलं, ते पाहता त्याला ही भीती वाटू नये असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण घरं अडवल्यानं कोण अडतं? निपाणीच्या विडी कामगार बायका मराठी बोलतात, कन्नड बोलतात, उर्दूही बोलतात. योजना हाणून पाडली तर ज्या मराठी घरांच्या नावानं ती पाडली, तीच आधी भाड्याच्या खोलीत अडकून पडतात. मागणी करायची तर नेमकी करावी. त्याच गावात ठरावीक वर्षं राहिल्याचा पुरावा सक्तीचा असावा, लाभार्थ्यांची यादी वॉर्डात उघड वाचली जावी, आणि अर्ज व नोटिसा मराठीतही मिळाव्यात. मराठी कागदपत्रांची मागणी सीमाभागाला नवी नाही. तीच इथं लावून धरावी.

आणखी एक तक्रार दबक्या आवाजात होते: गरीब घर घेतात आणि विकून किंवा भाड्यानं देऊन मोकळे होतात. असं घडतं, हे कबूल. पण का घडतं, ते पाहायला खासबाग किंवा वडगावच्या विणकर गल्लीत जावं. दार उघडलं की समोर माग. घरातली सर्वांत मोठी जागा त्याची. माणसं उरलेल्या कडेनं झोपतात. साडी मागावर असते, कांड्या भरायला घरची बाई आणि म्हातारी असते. 2015 च्या प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल घटकाच्या घराचं चटईक्षेत्र 30 चौरस मीटरच्या आत बसवलेलं होतं. तेवढ्यात, तेही तिसऱ्या मजल्यावर, यंत्रमाग चढवायचा कसा आणि त्याचा हादरा खालच्यानं सोसायचा कसा? विणकरानं असं घर विकलं तर त्याला लबाड म्हणता येत नाही. त्यानं पोट सांभाळलेलं असतं.

बाळकृष्ण दोशींनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत हे ओळखलं होतं. तिथं गरिबाला जोतं, संडास-मोरी आणि वीज-पाण्याची सोय असलेला प्लॉट दिला. वरचं घर त्यानं ऐपतीप्रमाणे, धंद्याप्रमाणे वाढवायचं. या कामाला 1995 मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला. बेळगावच्या विणकराला तळमजल्यावर असाच तुकडा हवा आहे. निपाणीच्या बाईला उजेडाची, वारा खेळणारी पडवी हवी, म्हणजे तंबाखूची धूळ पोराच्या पाळण्यापर्यंत जाणार नाही.

तेव्हा पुढच्या खेपेला योजनेचा आराखडा बंगळूरहून आयता येण्याआधी इंजिनिअरनं टेप घेऊन वडगावात यावं, चालत्या मागाची लांबी-रुंदी मोजावी, कांड्या भरणारी म्हातारी बसते ती जागाही मोजावी, आणि मग नकाशावर पहिली रेघ ओढावी.